विशेषणं संपल्यावर काय लिहायचं

सुरुवातीला एक गाणं वाजवतो. मोबाईल जरा खाली ठेवा, कारण लक्षात यायच्या आत ते जातं.

झालं.

अहो खरंच झालं, हसताय काय. नेपाम डेथ नावाच्या बँडचं गाणं आहे, लांबी १.३१६ सेकंद, जगातलं सगळ्यात छोटं रेकॉर्ड केलेलं गाणं म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. शब्द इनमीन चार, अर्थ साधारण 'तू भोगतोयस, पण का?' असा. आता समजा तुम्हाला कुणी सांगितलं की याच्यावर दोनशे शब्द लिहा, तर काय लिहाल? मला माहितीये काय लिहाल, कारण मीही तेच लिहायचो. भयंकर, रानटी, कान फाडणारं, अंगावर येणारं, मेंदूचा भुगा करणारं. भुगा तर माझा फार लाडका होता.

मध्यंतरी मी माझी जुनी वही काढली. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत ग्राइंडकोर (थोडक्यात ग्राइंड), हार्डकोर, डेथ मेटल असल्या पंक-मेटलच्या टोकाच्या जातींच्या रेकॉर्डवर जे काही लिहिलं होतं ते सगळं त्यात आहे, चाळीसएक रिव्ह्यू असतील. सहज मोजायला बसलो तर एकतीस ठिकाणी 'क्रूर' सापडलं. मग एक खेळ केला, बँडची नावं बोटानं झाकली आणि वाचून ओळखायचा प्रयत्न केला की ही कुठली रेकॉर्ड. दोन ओळखता आल्या. दोनच! आणि त्यातली एक का ओळखली तर तिच्यात सॅक्सोफोन होता म्हणून.

म्हणजे बघा, गडबड कुठे आहे, तर या संगीतात टोक गाठणं हीच सुरुवात आहे. ज्या गावात सगळेच सहा फुटी तिथे 'तो उंच माणूस' म्हणून पत्ता विचारलात तर कोण सांगणार? सगळे बँड जोरातच वाजवतात, सगळे ओरडतातच, सगळ्यांच्या गिटारी खालच्या सुरात लावलेल्या असतात, त्यामुळे ही विशेषणं वापरली की आपण प्रत्यक्षात काहीच सांगितलेलं नसतं, फक्त 'ही ग्राइंडकोरची रेकॉर्ड आहे' एवढंच चार वेळा सांगितलेलं असतं. तर आज मला बोलायचंय ते विशेषणं संपल्यावर काय उरतं त्याबद्दल, आणि माझं म्हणणं असं की खूप काही उरतं, आणि ते जे उरतं त्याच्याच मागे गेलं की नवीन रेकॉर्डही सापडतात.

मघाच्या गाण्याकडेच येऊ. ते ज्या अल्बमवर आहे तो १९८७ चा, इयरेक या लेबलनं काढलेला, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं लेबल आणि बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन नावाच्या खेड्यात सुरू झालेला बँड. अल्बमवर २८ गाणी आहेत, आणि सगळी मिळून तेहतीसएक मिनिटं. हे सगळे सांगतात. पण मला त्यातली जी गोष्ट सगळ्यात आवडते ती अशी की हे १.३ सेकंदांचं गाणं ए साइडचं शेवटचं गाणं आहे. म्हणजे बारावं गाणं सुरू होतं न होतं तोच संपतं, सुई उचलायची, प्लेट उलटायची, आणि उलटल्यावर पलीकडे बँडच बदललेला असतो. ए साइड १९८६ च्या ऑगस्टमध्ये रेकॉर्ड झाली, अवघ्या ५० पौंडांत, डेमोच म्हणा ना, म्हणजे नमुन्यापुरतं कच्चं रेकॉर्डिंग, आणि बी साइड १९८७ च्या मे महिन्यात. मधल्या काळात गिटारवाला बँड सोडून गेला, गाणाराही सोडून गेला, तोच बासही वाजवायचा. दोन्ही बाजूंना सारखा एकच माणूस आहे, ड्रमर मिक हॅरिस. 'ग्राइंडकोर' आणि 'ब्लास्ट बीट' या दोन्ही शब्दांचं श्रेय बहुतेक वेळा त्यालाच देतात.

आता रिव्ह्यू लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला अभ्यासक्रम कुठे मिळणार? ड्रमर तोच, बाकी सगळे वेगळे. ए साइड ऐका, तिथे पंकचा हिशोब अजून शाबूत आहे, डिस्चार्ज नावाच्या बँडमुळे ज्याला डी-बीट म्हणतात तो घोड्याच्या टापांसारखा ठेका सारखा येतो जातो, गिटार जरा कोरडी आहे, कडा दिसतात. बी साइडला गिटार जाड होते, गाणाऱ्याचा आवाज खालून, पोटातून येतो, आणि गाणी अशी वाजतात की जणू सगळ्यांना एकाच वेळी दारातून बाहेर पडायचंय. दोन्हीला 'भयंकर' म्हणता येईल की! पण त्या दोन बाजूंमध्ये जे बदललंय ते शब्दांत पकडता आलं तरच रिव्ह्यू म्हणायचा.

ब्लास्ट बीटबद्दल थोडं सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी दोन मिनिटं छताकडे बघा. एक हात झांजेवर, एक हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या कडक ड्रमवर, पाय किकवर, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, आणि किक-स्नेअर-किक-स्नेअर अशी अदलाबदल इतक्या जलद की ठेका असा ऐकू येतच नाही, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा सलग आवाज होतो. आपल्याकडे लय दुगुन-चौगुन होते तेव्हा समेला धरून ठेवलेलं असतं, मात्रा मोजता येतात. इथे एका हद्दीनंतर कान मोजणं सोडून देतो. आणि कानानं मोजणं सोडलं की एक मजा होते, वेग जाणवेनासा होतो, उलट सगळं थांबल्यासारखं वाटतं, पडदा टांगल्यासारखं. हे नवीन ऐकणाऱ्याला सांगितलं तर पटत नाही. पण म्हणूनच जोरात वाजवणं एवढ्यावर काही भागत नाही, तो पडदा कधी फाडायचा हे ज्याला कळतं तो ड्रमर.

या ब्लास्टचेही प्रकार आहेत. किक आणि स्नेअर आलटून पालटून पडतात तो जुना, पंकवाला. दोन्ही एकदम पडतात त्याला हॅमर ब्लास्ट म्हणतात, तो हातोड्यासारखाच लागतो. दोन्ही पायांची किक खालून धावतेय आणि वर स्नेअर पडतोय, तो बॉम्ब ब्लास्ट, हा डेथ मेटलमध्ये जास्त. हे ओळखता यायला लागलं की 'ड्रमिंग जबरदस्त आहे' असं लिहायची वेळ येत नाही. तुम्ही सरळ लिहिता की हा माणूस अख्खी रेकॉर्ड जुन्या पद्धतीच्या ब्लास्टवर काढतो आणि शेवटच्या दोन गाण्यांत दोन्ही एकदम मारायला लागतो, तिथे गाणं जड होतं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही आपल्यासाठी आहे की नाही.

आणि स्नेअर! स्नेअरवर मी तासभर बोलू शकतो, बोलणार नाही, घाबरू नका. पण कुठलीही अशी रेकॉर्ड लावली की पहिली वीस सेकंद मी फक्त स्नेअर ऐकतो. डबा वाजवल्यासारखा टणटणीत आहे, का गोणी आपटल्यासारखा थपथपीत, का संगणकातून आल्यासारखा प्रत्येक वेळी हुबेहूब तोच? हा तिसरा प्रकार बहुतेकदा ट्रिगरचा असतो, म्हणजे ड्रमवर सेन्सर लावतात आणि काठी पडली की आधीच साठवलेला आवाज वाजतो, किंवा मिक्स करताना मूळ आवाज काढून दुसरा बसवतात. त्यात पाप काही नाही, डेथ मेटलमध्ये किकला तर ते इतकं रुळलंय की नसेल तर लोक विचारतात. पण माणूस थकतो ना, चौदाव्या मिनिटाला त्याची काठी जरा हलकी पडते, कधी कडेवर लागते, आणि ग्राइंडमध्ये मला ते ऐकायचं असतं. ट्रिगरवर माणूस थकत नाही. मला वैयक्तिक विचाराल तर थकलेला ड्रमर आवडतो, हा माझा पक्षपात आहे आणि रिव्ह्यूमध्ये मी तो कबूल करून टाकतो, म्हणजे वाचणारा तेवढं वजा करून घेतो.

बरं, वेगाचं काय सांगत होतो, पडदा फाडणं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये वेमथ नावाचं गाव आहे, तिथल्या सीज नावाच्या पोरांनी १९८४ मध्ये एक डेमो केला. त्या काळात एवढ्या वेगानं फार थोडे लोक वाजवत होते, पुढच्या जवळजवळ प्रत्येक ग्राइंड बँडनं त्यांचं नाव घेतलंय. पण त्या डेमोचं शेवटचं गाणं कसं आहे माहितीये? संथ, लांबलचक, फरफटत जाणारं, आणि त्यात सॅक्सोफोन. हाच तो सॅक्सोफोन, ज्याच्यामुळे मी माझाच रिव्ह्यू ओळखला. आधीची पाच गाणी अंगावरून गेल्यावर ते येतं आणि तेव्हा कळतं की मघापासून आपण श्वास रोखून बसलो होतो.

आणि गंमत पुढे आहे. नेपाम डेथच्या त्या पहिल्या अल्बमवरच्या लोकांचं नंतर काय झालं बघा. ए साइडचा गिटारवाला जस्टिन ब्रॉडरिक, त्यानं गॉडफ्लेश काढला, ड्रम मशीनवर चालणारा, रोडरोलरसारखा सावकाश. बी साइडला गाणारा ली डोरियन, त्यानं कथीड्रल काढला, तो तर डूम मेटल, एक रिफ, म्हणजे गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा, संपेपर्यंत आपण चहा करून येऊ. खुद्द मिक हॅरिस पुढे स्कॉर्न या बँडमध्ये डबच्या, म्हणजे रेगेतून निघालेल्या संथ संगीताच्या, वाटेनं गेला, बास आणि मोकळी जागा. म्हणजे सगळ्यात जोरात वाजवणाऱ्या अल्बमवरची निम्मी माणसं पुढे सगळ्यात हळू वाजवायला लागली. ज्यांनी वेग शोधला त्यांनाच त्याचं फार कौतुक नव्हतं, आणि आपण मात्र रिव्ह्यूत 'किती फास्ट, किती फास्ट' करत बसतो.

आता माझी एक फजिती सांगतो, नाहीतर वाटेल की मला जन्मजात कळतं. एका बँडनं फाइली पाठवल्या, सतरा गाणी, रेकॉर्ड अजून यायची होती. मी ऐकलं, भारावलो, आणि रिव्ह्यूमध्ये एक अख्खा परिच्छेद गाण्यांच्या क्रमावर लिहिला. काय तर म्हणे, सुरुवातीला तीन गाणी एकापाठोपाठ तीस सेकंदांच्या आतली, मधे अचानक दोन मिनिटांचं जड गाणं, आणि शेवट एका अर्धवट तुटणाऱ्या गाण्यावर, किती धाडसी निर्णय, किती विचार केलाय वगैरे वगैरे. बँडनं अगदी सभ्यपणे उत्तर दिलं, आभार मानले, आणि शेवटी एक ओळ, की फाइलींना नंबर टाकायचे राहिले होते, तुमच्या प्लेअरनं बहुतेक गाणी ए टू झेड लावलीयत. अल्फाबेटिकल! तो धाडसी शेवट इंग्रजी वर्णमालेनं केला होता. त्या दिवसापासून मी आधी क्रम तपासतो, आणि सात इंची, म्हणजे छोटी प्लेट असेल तर स्पीडही, कारण अशा रेकॉर्डची एक बाजू मिनिटाला ४५ फेऱ्यांवर आणि दुसरी ३३ वर असणं अजिबात नवल नाही, आणि ३३ वर वाजलेला ग्राइंड हा फार छान स्लज, म्हणजे संथ, जड मेटल वाटतो. विचारू नका कसं माहीत.

शोधायचं कसं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. शोधायची जागा नेहमी तीच असते, रेकॉर्डच्या पोटात. इनसर्ट काढा, म्हणजे तो आत घातलेला कागद, त्याच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात थँक्स लिस्ट असते. कुठल्या बँडना धन्यवाद दिलेत, कुणाच्या घरी झोपले, कुणी गाडी दिली. प्रसिद्ध बँडची नावं सोडून द्या, ती शोभेला असतात. ज्या नावाचं तुम्ही कधीच ऐकलेलं नाही आणि जे लागोपाठ तीन वेगवेगळ्या रेकॉर्डच्या आभारांत दिसतं, ते शोधा. मी अर्ध्याहून जास्त आवडत्या गोष्टी अशाच शोधल्यात. आणि मग रेकॉर्डिंग कुठे झालं, मास्टरिंग कुणी केलं, चित्र कुणी काढलं. स्टुडिओचं नाव हा तर मोठा धागा. स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ घ्या, टोमास स्कोग्सबेरीचा, तिथून बाहेर पडलेल्या रेकॉर्डचा गिटारचा आवाज इतका ओळखीचा आहे की नाव वाचायला लागत नाही. एन्टूम्ड या बँडचा पहिला अल्बम, १९९०, तो तिथलाच. बॉस कंपनीचं एचएम-२ नावाचं, गिटारचा आवाज फाडणारं पेडल, त्याचे चारही नॉब पूर्ण उजवीकडे पिळलेले, आणि आवाज लाकूड कापायच्या करवतीसारखा. १९९१ मध्ये ते पेडल बंद झालं, लोक जुनी पेडलं शोधत हिंडायचे, शेवटी २०२० मध्ये कंपनीनंच परत काढलं. आता जगभरचे हार्डकोर बँड तोच आवाज वापरतात. हे माहीत नसलं की रिव्ह्यूवाला लिहितो, 'गिटारचा अभूतपूर्व टोन'. अभूतपूर्व कसला, तीस वर्षं जुना आहे तो.

स्प्लिट रेकॉर्ड ही दुसरी खाण. एका बाजूला एक बँड, दुसऱ्या बाजूला दुसरा, खर्च अर्धा-अर्धा. तुम्ही ज्या बँडसाठी घेतली ती बाजू एकदा वाजवा आणि मग उलटी करून दुसरीच बाजू आठवडाभर वाजवा. बेल्जियमचा अगाथोक्लीस म्हणून बँड आहे, १९८५ पासून चालू, त्यांनी इतक्या लोकांबरोबर स्प्लिट केलेत की त्यांची यादी म्हणजे जगभरातल्या ग्राइंडची टेलिफोन डिरेक्टरी आहे. त्यांचं सगळं ऐकायची गरज नाही, कुणी ऐकलं असेल असं मला वाटतही नाही, पण पलीकडच्या बाजूंची नावं काढत बसलात तर वर्षभराची सोय होते.

हे सगळं आधी टपालानं चालायचं. टेप ट्रेडिंग. तुमच्याकडचा डेमो मी कॉपी करायचा, माझ्याकडचा तुम्हाला पाठवायचा, सोबत चार फ्लायर कोंबायचे जे पुढच्यानं पुढे पाठवायचे. टपालाच्या तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचे, म्हणजे पलीकडच्यानं शिक्का धुवून तेच तिकीट परत वापरायचं. टपाल खात्यातलं कुणी इथे बसलं असेल तर माफ करा, मी नाही केलं. कॉपीची कॉपी, तिची कॉपी, प्रत्येक वेळी वरचे सूर थोडे झिजायचे आणि सूंsss असा आवाज वाढायचा. मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा रिपल्जन हा बँड घ्या. त्यांचा अल्बम १९८६ मध्ये रेकॉर्ड झाला, आणि नीट बाजारात आला कधी, तर १९८९ मध्ये, तोही कारकास नावाच्या बँडमधल्या दोघांनी मनावर घेऊन काढला म्हणून. मधल्या तीन वर्षांत तो कॅसेटवर फिरत होता आणि इंग्लंडमधल्या पोरांनी तो ऐकून आपापले बँड घडवलेसुद्धा. म्हणजे अल्बम आला तेव्हा त्याची मुलंबाळं आधीच मोठी झालेली. आता १९८९ मध्ये एखाद्या रिव्ह्यूवाल्याला ही हकिकत माहीत नसती तर त्यानं काय लिहिलं असतं? 'नेपाम डेथची नक्कल.' म्हणून तारीख बघा. रेकॉर्ड कधी निघाली हे वेगळं आणि कधी वाजवली गेली हे वेगळं.

आजकाल बँडकॅम्प या गाणी विकायच्या वेबसाइटवर सोय आहे, २००८ पासून आहे ते, तिथे एखादी रेकॉर्ड कुणी विकत घेतली हे दिसतं, त्या माणसाच्या संग्रहात शिरायचं आणि बघायचं आणखी काय घेतलंय. थँक्स लिस्टचंच नवं रूप. स्ट्रीमिंगवाले जे आपोआप सुचवतात ना, त्याचं माझं फारसं जमत नाही, कारण ते सारखं त्याच्यासारखंच देतं, आणि मला सीजच्या डेमोनंतर कुठला तरी सॅक्सोफोन हवा असतो. पण लांबचे बँड जवळ आले हे खरं. सिंगापूरचा वर्मरॉट, तिघांचा बँड, बासच नाही, त्यांचा २००९ चा अल्बम फुकट डाउनलोडला पडलेला होता, तो ऐकून त्याच इयरेकनं त्यांच्याशी करार केला. आणि २०२२ च्या अल्बमवर त्यांनी व्हायोलिन आणलं. परत तेच बघा, वेगाचा पडदा आणि तो फाडायला एक भलतंच वाद्य.

बास नसण्यावरून आठवलं. डिस्कॉर्डन्स अ‍ॅक्सिस हाही बासशिवायचा बँड, त्यांचा २००० चा शेवटचा अल्बम डीव्हीडीच्या डबीत आला होता, दुकानात लोक चुकून चित्रपटात शोधत असतील. १७ गाणी, तेवीसएक मिनिटं. आणि उलट टोकाला कॅलिफोर्नियाचा मॅन इज द बास्टर्ड, तिथे दोन बास आणि गिटारच नाही, वर घरी बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं किंचाळतायत. 'पॉवरव्हायोलन्स' हे हार्डकोरच्या एका जातीचं नाव त्यांच्याच गोटातून आलं. दोघांच्याही रिव्ह्यूत लोक 'टोकाचं संगीत' असं लिहून मोकळे होतात. अरे पण एकात खालचा मजला नाही आणि दुसऱ्यात वरचा, हे सांगा ना!

प्रॉडक्शनचं बोलतो. कुणी म्हणतं, अंडरग्राउंड म्हणजे आवाज कच्चाच पाहिजे, आणि कुणी म्हणतं, छे, काही कळलंच पाहिजे. मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. कारकासचा १९८८ चा पहिला अल्बम चिखलात बुडाल्यासारखा वाजतो, खुद्द बँडला तो मिक्स पसंत नव्हता, आणि तरी बीबीसी रेडिओवर गाणी लावणाऱ्या जॉन पीलनं त्या वर्षातला आपला आवडता अल्बम म्हणून त्याचंच नाव घेतलं. शब्द सगळे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातले, सडण्याबद्दलचे, आणि आवाजही सडल्यासारखा, त्यामुळे अपघातानं का होईना, जुळलं. उलट स्वीडनच्या नासुम या बँडला तुम्ही चिखलात कल्पूच शकत नाही. त्यांचा मिएश्को टालार्चिक स्वतः स्टुडिओ चालवायचा, त्यांच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येक वाद्य वेगळं काढून दाखवता येतं आणि तरी ते एकत्र अंगावर येतं. २००४ च्या त्सुनामीत तो थायलंडमध्ये वारला, पुढे बँड थांबला. तर कच्चा की स्वच्छ असं विचारू नका, या गाण्यांना हा आवाज काय करतो ते बघा. आणि एक तांत्रिक मुद्दा, सात इंचीच्या एका बाजूला ३३ वर साधारण सहा-सात मिनिटं नीट बसतात, त्याच्यावर कोंबली की आवाज बारीक होतो, बास कापावा लागतो. त्यामुळे प्लेट पातळ वाजली म्हणून बँडला शिव्या घालायच्या आधी वेळ मोजा, कदाचित त्यांनी दोन गाणी जास्त टाकलीयत एवढंच.

शब्दांबद्दल मी थोडा कडक आहे. ग्राइंडचा जन्म अनार्को-पंकच्या, म्हणजे अराजकवादी राजकारणाच्या पंकच्या घरातला, कारखाने, युद्ध, भूक, प्राण्यांवरचे अत्याचार, हे त्याचे पहिले विषय. नंतर त्याच वेगावर रक्तामांसाची गाणी आली, त्यातली काही कारकाससारखी थंड डोक्याची आणि काही नुसती बायकांना तुकडे करण्याची दिवास्वप्नं. ब्लॅक मेटलच्या एका कोपऱ्यात तर सरळ नाझीपणा आहे, रुन नावाची जुनी युरोपी अक्षरं आणि जंगलं यांच्या आड लपवलेला. 'मी फक्त संगीताबद्दल लिहितो' असं म्हणणाऱ्या रिव्ह्यूवाल्यावर माझा विश्वास नाही. गाणं ऐकून काही कळत नाही हे मान्य, पण म्हणून तर इनसर्ट छापतात. तो वाचा. ज्याला रेकॉर्ड घ्यायचीय त्याला पैसे कुणाकडे जाणार हे कळायला नको?

आणि वाईट रेकॉर्डचं काय करायचं? समजा शंभर कॅसेट काढलेला बँड आहे, तीन पोरं, पहिलाच डेमो, आणि जमलेलं नाही. झोडपण्यात काय मजा आहे, शंभर कॅसेटवाल्याला झोडपून कुणाचा धाक बसणार! पण खोटं कौतुकही करू नका, त्यांना ते लगेच कळतं आणि त्याचा उपयोग शून्य. मी एक नियम पाळतो, जे चुकलंय ते एकदाच सांगायचं आणि नेमकं सांगायचं. 'ड्रम कच्चे आहेत' असं नाही, तर 'ब्लास्टमधून परत संथ ठेक्यावर येताना प्रत्येक वेळी ड्रमर अर्धी मात्रा आधी पोचतो आणि गिटार मागे धावते.' एका बँडनं पुढच्या डेमोत नेमकं तेच दुरुस्त केलं होतं. दुसऱ्या एकानं कळवलं की ते मुद्दाम आहे. मग मी परत ऐकलं, आणि खरंच, मुद्दाम होतं, प्रत्येक गाण्यात त्याच जागी. तिथे मी चुकलो होतो आणि तसं लिहिलं.

कुणीतरी मागून विचारलं की किती वेळा ऐकता. चौदा मिनिटांच्या रेकॉर्डचा हाच तर फायदा आहे, तासाभरात चार वेळा होते. पहिल्यांदा काही लिहायचं नाही. दुसऱ्यांदा फक्त ड्रम. तिसऱ्यांदा इनसर्ट हातात धरून. चौथ्यांदा दुसऱ्या खोलीतून, दार लोटून, कारण भिंतीपलीकडून जे रिफ ओळखू येतं ते खरं रिफ.

वही आणलीय, एका डेमोची टिपणं वाचून दाखवतो, बँडचं नाव राहू दे. 'स्नेअर टणक, खोलीचा आवाज येतोय, बहुतेक एकच माइक वर टांगलेला. गाणं ३, रिफ दोनदा, तिसऱ्यांदा येणार असं वाटतं, येत नाही. गाणं ५ च्या आधी कुणीतरी खोकतं, ठेवलंय, बरं केलं. गाणं ७, पहिल्यांदाच गिटार एकटी, चार सेकंद, मागे अँपची गुणगुण. गाणं ९, ड्रमर थकलाय. गाणं ११, तो थकलेलाच आहे आणि गाणं त्यासाठीच हळू लिहिलंय.' या शेवटच्या ओळीवर मी थांबलो आणि परत ११ लावलं. मग ९ लावलं, मग परत ११. पूर्ण रिव्ह्यू त्या एका ओळीभोवती लिहिला, क्रूर हा शब्द न वापरता, एकशेऐंशी शब्दांत झाला.

चला, वेळ झाली म्हणतायत. प्लेट उलटतो आता, बी साइड. ड्रमर तोच आहे, त्याच्याकडे लक्ष ठेवा.